चर्चासत्रांतील शोधनिबंधांची निनावी निवड : एक चिकित्सा

प्रास्ताविक

महाविद्यालयीन चर्चासत्राच्या माहितीपत्रकात एक वाक्य हमखास आढळते : ‘निवडक शोधनिबंधांना सादरीकरणाची संधी देण्यात येईल.’ या वाक्याचा व्यवहारातील अर्थ ते छापणाऱ्यांना ठाऊक असतो आणि वाचणाऱ्यांनाही. सारांश पोहोचला आणि नोंदणी शुल्क भरले गेले की निबंध ‘निवडक’ ठरतो. मुदत टळल्यानेही फारसे अडत नाही. मुदतवाढीचे दुसरे परिपत्रक निघतेच. मग एका दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेत कधी साठ-सत्तर नावे येतात. दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार आणि बीजभाषण आटोपेपर्यंत दुपार होते आणि भोजनोत्तर समांतर सत्रांत प्रत्येकाच्या वाट्याला पाच-सात मिनिटे उरतात.

याला उदारपणा म्हणण्याचा प्रघात आहे. कोणालाही नाकारले नाही, ग्रामीण भागातील नवख्या प्राध्यापकालाही व्यासपीठ दिले, असे समन्वयक आभारप्रदर्शनात समाधानाने सांगतात. हा उदारपणा जरा जवळून पाहिला तर निराळे चित्र दिसते. सर्वांना स्वीकारल्याने निवड टळत नाही, ती केवळ जागा बदलते. मुख्य सभागृहात कोण बोलणार आणि दुसऱ्या मजल्यावरील वर्गखोलीत कोण, सकाळच्या सत्रात कोण आणि श्रोते बसस्थानकाकडे निघाल्यावर कोण, कोणाला वीस मिनिटे आणि कोणाला ‘थोडक्यात आटोपा’ अशी चिठ्ठी, हे सर्व कोणीतरी ठरवतच असते. कोणत्या निकषावर ठरवले, हे मात्र कोठेही लिहिलेले नसते. बहुधा ते नावे पाहून ठरते. विद्यापीठातील विभागप्रमुखांचे नाव वर सरकते, अभ्यास मंडळाच्या सदस्याचे वर सरकते, कोणाच्या तरी मार्गदर्शकाचे वर सरकते. लिहिलेल्या नियमांनी झालेल्या निवडीवर निदान आक्षेप घेता येतो. वेळापत्रकात दडलेल्या निवडीवर आक्षेप घ्यायला जागाच नसते.

प्रस्तावकाचे नाव, संस्था व पद झाकून प्रस्ताव वाचण्याची पद्धत अनेक ज्ञानशाखांत रूढ झाली आहे. तिच्यामागील पुरावा काय सांगतो, तिच्या मर्यादा कोणत्या आणि मराठीतून चालणाऱ्या चर्चासत्रांत ती राबवताना कोणत्या खास अडचणी येतात, यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गुणांचे गणित

सर्वस्वीकाराची सवय केवळ सौजन्यातून लागलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने निबंधवाचनाला पदोन्नतीच्या हिशेबात गुण दिले. २०१८ च्या नियमावलीत परदेशातील आंतरराष्ट्रीय परिषदेतील सादरीकरणाला ७, देशांतर्गत आंतरराष्ट्रीय परिषदेतील सादरीकरणाला ५, राष्ट्रीय पातळीवर ३ आणि राज्य वा विद्यापीठ पातळीवर २ असे गुण नेमून दिले गेले. गुण व्यासपीठाच्या पातळीनुसार ठरले. निबंध निवडून आला होता की नुसताच घेतला गेला होता, याची नोंद कोष्टकात नाही. ‘आंतरराष्ट्रीय’ या विशेषणाचे आकर्षण आपल्याकडे अकस्मात का वाढले, याचे निम्मे उत्तर या आकड्यांत आहे. दुसरीकडे, आयोजक महाविद्यालयाला मूल्यांकनासाठी चर्चासत्रांची संख्या दाखवायची असते आणि भोजन, छपाई, प्रवासखर्च यांसाठी नोंदणी शुल्काचा आधार हवा असतो. अशा स्थितीत नकार देणे म्हणजे शुल्क गमावणे आणि एखाद्या सहकाऱ्याच्या पदोन्नतीत खोडा घालणे. हा संकोच माणुसकीचा आहे, तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

पण त्याची किंमत कोण मोजतो, हेही पाहिले पाहिजे. तीन वर्षे बाजारपेठेच्या गावी हिंडून हमालांच्या मजुरीच्या नोंदी जमवणारा तालुक्यातील एखादा प्राध्यापक आणि आदल्या रात्री दोन संकेतस्थळांवरून परिच्छेद उचलणारा दुसरा, यांना सारखेच प्रमाणपत्र मिळते, सारखीच पाच मिनिटे मिळतात. पहिल्याचे काम कोणी वाचलेले नसते. त्याला नाकारले गेले नाही हे खरे, पण त्याची दखलही घेतली गेली नाही. ज्याच्याजवळ नाव नाही, ओळख नाही, मोठी संस्था नाही, त्याच्याजवळ दाखवायला फक्त काम असते. काम न वाचणारी व्यवस्था सर्वाधिक अन्याय करते तो त्याच्यावरच.

नावाचे वजन

वाचकाच्या मनावर नावाचा प्रभाव पडतो, हे अनुभवाने सर्वांना माहीत असते. त्याची मोजदाद मात्र अलीकडच्या काही दशकांतली. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ‘मॅथ्यू परिणामा’ची मांडणी केली : ज्याच्याजवळ कीर्ती आहे त्याच्याच पदरात आणखी श्रेय पडते, अपरिचिताचे तेवढ्याच तोलाचे काम दुर्लक्षित राहते. या मांडणीचा मोठा आधार हॅरिएट झुकरमन यांनी नोबेल मानकऱ्यांच्या घेतलेल्या मुलाखती हा होता. तो लेख दोघांच्या नावे यायला हवा होता, अशी कबुली मर्टन यांनी पुढे दिली. सिद्धान्ताला याहून चपखल उदाहरण शोधूनही सापडले नसते.

१९८२ मध्ये डग्लस पीटर्स आणि स्टीफन सेसी या मानसशास्त्रज्ञांनी एक धाडसी प्रयोग प्रसिद्ध केला. नामांकित विभागांतील संशोधकांचे, आधीच छापून आलेले १२ लेख त्यांनी कल्पित नावे व कल्पित संस्था घालून त्याच नियतकालिकांकडे पुन्हा पाठवले. ३ लेख ओळखले गेले. उरलेल्या ९ पैकी ८ नाकारले गेले, आणि अनेकदा कारण दिले गेले ते संशोधनपद्धतीतील गंभीर दोषांचे. प्रयोग लहान आहे, संपादकांना अंधारात ठेवल्याबद्दल त्यावर टीकाही झाली. तरीही, लेखात मुळात दोष होते आणि पहिल्या वेळी ते नावामुळे दिसले नाहीत, की दोष नव्हते आणि दुसऱ्या वेळी ते नाव नसल्यामुळे दिसले, हा प्रश्न उरतोच. दोन्ही उत्तरे परीक्षणपद्धतीला सारखीच अडचणीची आहेत.

परिषदेच्या निवडीशी थेट संबंध असलेला प्रयोग २०१७ चा आहे. वेब-शोध व विदा-उत्खनन या विषयावरील ‘डब्ल्यूएसडीएम’ परिषदेकडे सुमारे ५०० निबंध आले होते. प्रत्येक निबंध चार परीक्षकांकडे गेला. दोघांना लेखकांची नावे दिसत होती, दोघांना दिसत नव्हती. अँड्र्यू टॉमकिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेला निष्कर्ष असा : नावे दिसणाऱ्या परीक्षकांकडून स्वीकाराची शिफारस मिळण्याचे पारडे ख्यातनाम लेखकाच्या बाबतीत १.६३ पट, अग्रगण्य विद्यापीठाच्या बाबतीत १.५८ पट आणि बड्या कंपनीच्या बाबतीत २.१० पट जड होते. याहून लक्षणीय बाब निराळीच आहे. कोणते निबंध वाचायला आवडतील असे विचारले असता नावे दिसणाऱ्या परीक्षकांनी २२ टक्के कमी निबंधांना पसंती कळवली, आणि ती पसंतीही मोठ्या संस्थांकडे झुकलेली होती. पक्षपात गुण देताना सुरू होत नाही. काय वाचायचे हे ठरवतानाच तो सुरू झालेला असतो. आपल्याकडील सत्ररचनेला ही गोष्ट जशीच्या तशी लागू पडते.

अर्धवट उपाय फारसे उपयोगी पडत नाहीत, हे हबल दुर्बिणीच्या अनुभवावरून दिसते. या दुर्बिणीचा निरीक्षणवेळ मिळवण्यासाठी जगभरातून प्रस्ताव येतात आणि मागणी उपलब्ध वेळेच्या कितीतरी पट असते. स्त्रियांच्या नेतृत्वाखालील प्रस्तावांचे यशाचे प्रमाण वर्षानुवर्षे पुरुषांहून कमी राहिल्याचे आढळल्यावर व्यवस्थापनाने प्रथम नावे मुखपृष्ठावरून आत नेली, मग पहिल्या नावांची आद्याक्षरेच ठेवली. तफावत हटली नाही. २०१८ च्या फेरीत नावे पूर्णपणे झाकली गेली; त्या फेरीत स्त्रियांचे प्रमाण ८.७ टक्के आणि पुरुषांचे ८.० टक्के झाले. एका फेरीतील इतक्या बारीक फरकावर फार मोठी इमारत उभारू नये. परंतु पहिल्यांदाच निरीक्षणवेळ मिळवणाऱ्यांची संख्याही या बदलानंतर वाढली, आणि तो परिणाम अधिक बोलका आहे. या व्यवस्थेतील एक तपशील आपल्या समित्यांनी अवश्य पाहावा. परीक्षकांच्या बैठकीत एक निरीक्षक बसवला जाई. चर्चा प्रस्तावावरून घसरून ‘हा गट कोणाचा असावा’ या दिशेने गेली की तिला थांबवणे एवढेच त्याचे काम.

मात्र या क्षेत्रातील प्रत्येक दाखला सारख्या वजनाचा नाही. पडद्याआड वादन ऐकून वाद्यवृंदात वादकांची निवड केल्याने स्त्रियांना लाभ झाला, असे सांगणारा क्लॉडिया गोल्डिन व सिसिलिया राऊस यांचा २००० सालचा अभ्यास भाषणांतून सतत उद्धृत होतो. त्यातील काही आकड्यांच्या सांख्यिकीय भक्कमपणाविषयी पुढे गंभीर शंका घेतल्या गेल्या, हे सहसा सांगितले जात नाही. फ्रान्समधील नोकरीच्या अर्जांवरील प्रयोग तर थेट उलट दिशेला बोट दाखवतो. बेहागेल, क्रेपाँ व ल बार्बांशाँ यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात नाव-पत्ता झाकल्यावर स्थलांतरित व वंचित वस्त्यांतील उमेदवारांची मुलाखतीची संधी घटल्याचे आढळले. प्रयोगात स्वेच्छेने सामील झालेल्या कंपन्या मुळातच अशा उमेदवारांना अनुकूल होत्या, हे त्याचे एक संभाव्य कारण. दुसरे असे की, अर्जातील उणीव उमेदवाराच्या परिस्थितीच्या संदर्भात समजून घेण्याची वाट नाव झाकल्याने बंद झाली. डोळ्यांवर पट्टी बांधली की ओळखीचा चेहरा दिसत नाही, तशी समोरच्याच्या पायातली बेडीही दिसत नाही.

मराठीतील अडचण

इंग्रजीत लिहिलेल्या प्रस्तावावरील नाव खोडले की लेखक बऱ्याच अंशी झाकला जातो. मराठीचे तसे नाही. ‘या निबंधात मी असे मांडतो’ किंवा ‘मांडते’ असे लिहिताच लिंग उघड होते. ‘मी तीस कुटुंबांना भेटलो’ आणि ‘भेटले’ यांतही तेच. सकर्मक भूतकाळ (‘मी नोंदी तपासल्या’) आणि भविष्यकाळ (‘मी मांडेन’) तेवढे निरुपद्रवी. ‘प्रस्तुत लेखिका’, ‘संशोधिका’ हे शब्द तर उघडच बोलतात. म्हणून मराठीतील आवाहनात ‘नाव लिहू नये’ एवढी सूचना पुरेशी नाही. ‘प्रस्तुत निबंधात तपासले आहे’ अशी कर्मणी वाक्यरचना वापरावी, असे स्पष्ट सांगून तिचा एखादा नमुना द्यावा लागेल. विद्वत्तापूर्ण लेखनातील ज्या कर्मणी रचनेची एरवी चेष्टा होते, तिला येथे एक उपयोग सापडतो.

आडनाव हा याहून नाजूक विषय. महाराष्ट्रात आडनाव एकटे येत नाही, ते बरोबर प्रदेश आणि जातीचा अंदाज घेऊन येते. वाचणारा कितीही निःपक्षपाती असला तरी आडनाव वाचताक्षणी त्याचे मन काहीतरी जुळवून टाकते. दलित साहित्यावरील निबंध कोणी लिहिला, संत साहित्यावरील कोणी, ग्रामीण कथेवरील कोणी, याविषयीच्या अपेक्षा आडनावासरशी तयार होतात. त्या कधी विरोधात जातात, कधी दयाबुद्धीने बाजूने. दोन्ही प्रकारांत निबंध वाचायचा राहून जातो. नाव झाकण्याचा आग्रह इतर कोणत्याही कारणाने पटला नाही, तरी या एका कारणाने पटावा.

बाकीच्या खुणा लहान पण धूर्त असतात. ‘आमच्या महाविद्यालयाच्या परिसरातील’, ‘प्रस्तुत संशोधकाने पूर्वी दाखवून दिल्याप्रमाणे’, मार्गदर्शकांचे आदरार्थी उल्लेख, वर्ड फाइलच्या गुणधर्मांत आपोआप नोंदले गेलेले कर्त्याचे नाव, फाइललाच दिलेले स्वतःचे नाव. क्षेत्राभ्यासाचे गाव काही वेळा लपवता येत नाही आणि लपवूही नये. गाव काढून टाकले तर निबंधातला जीवच जातो. विषय लहान असेल तर परीक्षक लेखकाला ओळखणारच, हा आक्षेपही रास्त आहे. रिबेका ब्लँक यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’वरील प्रयोगात नावे झाकूनही जवळपास निम्म्या प्रसंगी परीक्षकांनी लेखक ओळखले होते. पण उरलेल्या निम्म्या प्रसंगी ओळखता आले नाही, हेही तितकेच खरे. आणि अंदाज बांधणारा परीक्षकही खात्री नसल्यामुळे जरा सावध राहतो.

या पद्धतीविषयी प्राध्यापकवर्गात आढळणारी नाखुशी काहीशी चमत्कारिक वाटते. अनेक विद्यापीठांत आसनक्रमांक झाकलेल्या उत्तरपत्रिका हाच वर्ग केंद्रीय मूल्यमापन केंद्रात बसून तपासत असतो. उत्तरपत्रिकेवर ओळख पटेल अशी खूण करणे हा गैरप्रकार मानला जातो आणि त्यासाठी विद्यार्थ्यावर कारवाई होते. विद्यार्थ्याला जो नियम न्याय्य म्हणून लावला जातो, तो स्वतःला लावून घेताना मात्र ‘आम्ही काय नावे पाहून निवड करतो का?’ असा दुखावलेला सूर निघतो.

आधी नियम, मग प्रस्ताव

निनावीपणाला न्यायाचा पर्याय समजण्याची चूक उत्साही समित्यांकडून होते. नाव झाकले, पण निकषच ठरवले नाहीत, तर परीक्षक स्वतःच्या आवडीनिवडीने गुण देतो आणि त्याला निष्पक्षतेचा शिक्का मिळतो. हे पहिल्यापेक्षा वाईट. म्हणून प्रस्ताव मागवण्यापूर्वीच जागा किती आणि निकष कोणते, हे ठरवून माहितीपत्रकात छापले पाहिजे. जागांचा हिशेब साधा आहे. उद्घाटन आटोपशीर ठेवले तर दिवसाचे सहा तास उरतात. वीस मिनिटे वाचन आणि दहा मिनिटे चर्चा धरली तर एका सभागृहात बारा निबंध होतात, दोन सभागृहांत चोवीस. यापुढील प्रत्येक निबंध कोणाच्या तरी चर्चेची दहा मिनिटे काढून घेऊनच बसवला जातो. उरलेल्यांसाठी भित्तिफलक-सादरीकरणाची सोय करता येईल, पण त्या फलकांसमोर श्रोते थांबतील एवढा वेळ कार्यक्रमात राखणार असाल तरच.

निकष प्रश्नरूपाने लिहिलेले बरे. निबंध कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधतो, हे कळते का? त्यासाठीची साधने हाती आहेत, की केवळ जमवण्याचा संकल्प आहे? आधीच्या कामात हा निबंध नेमकी कोणती भर घालतो? वीस मिनिटांत हे मांडता येईल का? ‘विषय उत्तम’, ‘भाषा चांगली’ असे शेरे निकष होऊ शकत नाहीत. भाषेच्या निकषाने तर शहरी, सफाईदार आणि बरेचदा इंग्रजी सारांशाला आयतेच माप मिळते. वर उल्लेखिलेला फ्रेंच प्रयोग येथे आठवावा : परिस्थिती दिसत नसेल तर निकषांनी परिस्थितीला शिक्षा करू नये, एवढे तरी पाहावे लागते. ग्रंथालय दुबळे असलेल्या महाविद्यालयातील लेखकाकडून लांबलचक संदर्भसूचीची अपेक्षा धरायची, की त्याने स्वतः जमवलेल्या नोंदींना तेवढेच वजन द्यायचे, हे निकष लिहितानाच ठरते.

प्रत्येक प्रस्ताव दोघांनी वाचावा, आणि दोघांनी परस्परांशी बोलण्यापूर्वी गुण व दोन ओळींचे कारण लिहून द्यावे. बैठकीत आधी ज्येष्ठांनी मत मांडले की बाकीच्यांचे गुण त्या दिशेला सरकतात, हा अनुभव समित्यांवर बसलेल्या कोणालाही नवा नाही. स्वतःच्या महाविद्यालयातील, स्वतःच्या विद्यार्थ्याचा किंवा स्वतः आधी पाहिलेला प्रस्ताव वाटल्यास परीक्षकाने तो परत करावा. नावे व सांकेतिक क्रमांक यांची यादी एकाच व्यक्तीकडे असावी आणि त्या व्यक्तीला गुणदानात स्थान नसावे. महाविद्यालयाचा ग्रंथपाल या कामाला सर्वांत योग्य. हाच निबंध पूर्वी कोठे वाचला वा छापला गेला आहे का, याची पडताळणीही त्यालाच करता येईल. नावे झाकल्याने उचलेगिरी लपते, हा आक्षेप त्यामुळे बराचसा निकाली निघतो.

याउपर एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करावी लागते. चोख नियमांनी केलेल्या निवडीतही योगायोगाचा वाटा मोठा असतो. यंत्र-अध्ययन विषयातील ‘निप्स’ परिषदेच्या २०१४ च्या आयोजकांनी आलेल्यांपैकी १६६ निबंध दोन स्वतंत्र समित्यांकडे पाठवले. ४३ निबंधांबाबत समित्यांचे निर्णय परस्परविरुद्ध आले, आणि एका समितीने स्वीकारलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंध दुसरीने नाकारले होते. तेथे परीक्षण निनावी होते आणि परीक्षक तज्ज्ञ होते. २०२१ मध्ये याच परिषदेत प्रयोग पुन्हा झाला, तेव्हाही चित्र फारसे बदलले नाही. अगदी उत्तम आणि अगदी टाकाऊ यांवर सहमती होते. अडचण मधल्या मोठ्या गटाची. त्या गटात पाव-अर्ध्या गुणाने वर-खाली लावणे म्हणजे अचूकतेचा आव आणणे होय. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१३ पासून एका अनुदान योजनेत पात्र प्रस्तावांतून सोडत काढण्याची रीत सुरू केली. ब्रिटिश अकादमीने २०२२ मध्ये लहान अनुदानांसाठी तिचा अवलंब केला. चर्चासत्रातही शेवटच्या पाच-सहा जागांसाठी चिठ्ठ्या टाकायला हरकत नसावी. विद्वानांना चिठ्ठी कमीपणाची वाटते, पण चिठ्ठीला कोणाचा दूरध्वनी येत नाही.

नावे उघडण्याची वेळ

चर्चासत्र म्हणजे छापील अंक नव्हे. तेथे माणूस उभा राहून बोलतो, श्रोत्यांच्या प्रश्नांना सामोरा जातो. म्हणून नावे कायमची झाकून ठेवणे शक्य नाही आणि इष्टही नाही. गुण नोंदवून यादी बंद झाल्यावर ती उघडावीत. हबलच्या व्यवस्थेतही क्रमवारी ठरल्यानंतरच प्रस्तावक गटाची पात्रता दाखवणारा भाग पाहिला जातो. त्या टप्प्यावर काय बदलता येईल हे मात्र आधी लिहिलेले हवे. एकाच महाविद्यालयाचे चार निबंध आले तर दोनच ठेवायचे काय? जिल्ह्याबाहेरील पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी दोन जागा राखायच्या काय? अशा तरतुदी उघडपणे, कारणासह कराव्यात. निनावी वाचनामुळे जी परिस्थिती दृष्टिआड झाली होती, तिला न्याय देण्याची हीच जागा. यादी पाहिल्यावर सुचलेला नियम मात्र, कितीही सद्हेतूने सुचलेला असला तरी, त्या वर्षी लागू करू नये.

आलेच नाहीत त्यांना निवडता येत नाही, ही निनावी पद्धतीची सर्वांत साधी मर्यादा. बर्लिन येथील ‘जेएसकॉन्फ ईयू’ या संगणक-परिषदेने २०१२ मध्ये वक्त्यांची निवड नावे झाकून केली आणि वक्त्यांत स्त्रियांचे प्रमाण २५ टक्क्यांपर्यंत गेले. पण त्याआधी आयोजकांनी प्रस्ताव पाठवण्यासाठी स्त्रियांना प्रयत्नपूर्वक उद्युक्त केले होते. आपल्याकडे माहितीपत्रक ठरावीक व्हॉट्सॲप गटांतून फिरते आणि ज्यांच्यापर्यंत ते नेहमी पोहोचते त्यांच्यापर्यंतच पुन्हा पोहोचते. आदिवासी भागातील किंवा विनाअनुदानित महाविद्यालयातील तासिका तत्त्वावरील शिक्षकाला ते मुदत संपल्यावर कळते. शिवाय प्रस्तावासोबतच शुल्क मागितले जात असेल, तर तासिकेवर पोट भरणारा हा शिक्षक पाठवण्यापूर्वीच मागे फिरतो. शुल्क उपस्थितीसाठी असावे, आणि निवड कळल्यानंतर घ्यावे.

बीजभाषक व निमंत्रित वक्ते यांची निवड नावावरूनच होते आणि तसे होण्यात गैर काही नाही. फक्त निमंत्रितांची संख्या आधी जाहीर करावी. सायंकाळी अचानक ‘विशेष उपस्थिती’ लाभलेल्या पाहुण्यांमुळे निवडून आलेल्याचे वाचन कापले जात असेल, तर आधीचा सारा खटाटोप व्यर्थ ठरतो.

नकाराचे पत्र

निवड करायची तर नकार कळवावा लागतो, आणि आयोजक बिचकतात ते याच टप्प्यावर. पत्राऐवजी मौन बाळगले जाते. प्रस्तावक दूरध्वनी करून विचारतो आणि ओशाळून ‘या, बघू काहीतरी’ असे उत्तर दिले जाते. येथून सर्वस्वीकाराची वाट पुन्हा सुरू होते. खरे तर दोन परीक्षकांनी प्रत्येकी दोन ओळी लिहिलेल्या असतील तर पत्र तयारच असते. ‘प्रश्न स्पष्ट आहे, परंतु १९७२ च्या दुष्काळासंबंधीच्या विधानांना गावपातळीवरील नोंदींचा आधार दाखवलेला नाही’ एवढे एक वाक्य मिळाले, तरी दूरच्या गावातील लेखकाला ते पुढच्या लेखनासाठी उपयोगी पडते. प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यात त्याला असे वाक्य क्वचितच मिळालेले असते. असे पत्र चर्चासत्राच्या निदान महिनाभर आधी जावे. म्हणजे रेल्वेचे आरक्षण, कर्तव्यरजेचा अर्ज आणि तासिकांची अदलाबदल करण्यापूर्वी ते त्याच्या हाती पडेल.